रेवारामचा अंगठा

फुटाळ्याच्या पाण्यात म्हशी उतरल्या होत्या,
एकच काठावर. तिच्या सडांवर फोड.
आणि रेवारामच्या उजव्या अंगठ्यावर तसाच एक,
मधोमध खळगा, बेंबीसारखा.
"म्हशीचं मले कसं काय लागलं जी?
मी का म्हैस आहो?"

खपली कुपीत घेतली, कुपी बर्फात,
आणि सेमिनरी हिल्सचा चढ चढताना
स्कूटरवर उत्तर जुळवत राहिले.

रेवारामभाऊ, हा पाहुणा
देवघरापर्यंत जातच नाही.
ओसरीवरच संसार थाटतो,
शिधा, भांडी सगळं सोबत आणलेलं.
पेशी ओरडते, धावा!
पण त्यानं आधीच बाहेर सोडलेत खोटे कान,
हाक त्यांच्यातच जिरते,
शेजारघरी दिवा लागत नाही.
कान त्याचे नव्हेतच.
फार पूर्वी कुणाच्या तरी घरातून उचललेले,
टाके उसवून आपल्या मापाचे केलेले.

आत एक राखणदार असतो.
चोराचा दुपेडी दोरा हाताला लागला
की तो अख्ख्या घराची चूल विझवतो :
उपाशी मरू, पण याला रांधून घालणार नाही.
त्याच्यापुढे हा सरकवतो मातीची लुटुपुटूची चूल.
राखणदार तिच्यावरच पाणी ओतत बसतो.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात,
पण म्हशीच्या राखणदाराची नजर वेगळी, तुमच्याची वेगळी.
नक्कल फसते कधी.
मग हा तेच पान पुन्हा लिहितो, पुन्हा,
पेटीचा भाता ओढावा तसा लांबत जातो,
दहा वाईट नकला मिळून एक बरी.
त्यातली एखादी चुकून साधते,
आणि भाता मिटतो.

रात्री प्रयोगशाळेत, फ्रीजरच्या घरघरीत,
मला त्याचं कौतुक वाटतं.
हे मी सरांना सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी यातलं काहीच बोलले नाही.
म्हटलं, हात साबणानं धुवा,
पंधरा दिवस धार काढू नका.
"मंग काढन कोण?"

थोरला चैतराम पुढे झाला.
इतके दिवस तीच म्हैस तोही पिळत होता,
बोटं स्वच्छ.
त्यानं बाही वर सारली :
दंडावर देवी काढल्याचे दोन गोल,
जुन्या नाण्यांसारखे झिजलेले.

रेवारामनं स्वतःचा दंड पाहिला,
मग माझ्याकडे.
मी हातमोजे चढवत होते.
माझाही दंड कोरा.