थंडी चाय

डॉक्टरीण म्हणाली, साखर बंद.
रेवनाथ म्हणाला, मग चाय बी बंद करून टाका,
राहिलं काय माणसाजवळ?

दिवसाला नऊ कप, कपाला तीन चमचे.
लाखांदूरच्या सबस्टेशनला लाइनमन आहे तो.
ज्या खांबावर चढतो त्याच्या खाली
कोणीतरी कप घेऊन उभंच असतं.
लाइट आणणाऱ्याला पाणी कोण विचारतं,
चायच विचारतात.

मे महिना. पत्रा असा तापलेला
की मांजर न्हाणीतून बाहेर निघत नाही.
बाडीतून गवती चहाची पाती तोडली,
बोट कापलं, पदराला पुसलं.
सुंठ घरात होती. दालचिनी नव्हती.
बेबीनंदाच्या दुकानात गेली तर ती म्हणते,
काऊन, पुलाव हाय का आज?
म्हटलं, चाय.
एवढ्या उन्हात?
थंडी चाय.
ती हसली नाही. दोन काड्या जास्त टाकल्या पुडीत,
घरात कोणी बिमार असलं की टाकतात तशा.

जेष्ठमध मात्र मी कोणाला सांगितला नाही.
शाळेत कवायतीच्या घोषणा देऊन घसा बसला
की बाई एक काडी द्यायच्या चघळायला.
गोड असते, पण साखरेसारखी धावत येत नाही.
थोडी मागून येते,
वरातीतल्या म्हाताऱ्या मामासारखी.

पाणी उकळलं. सुंठ, वेलची, चार मिरे, काडी ठेचून.
पत्ती शेवटी, गॅस बंद केल्यावर,
आणि तीन मिनिटांच्या वर नाही.
जास्त राहिली तर थंड झाल्यावर कडू लागते,
हे मी दोन पातेली मोरीत ओतून शिकली.

राहिला बर्फ.
ट्रे साडेआठला भरला, साडेनऊला लाइट गेली.
कुठल्या तरी डीपीवर फ्यूज उडाला असेल
आणि माझा माणूस तिथंच असेल.
म्हणजे त्याने तार जोडली तर माझा बर्फ,
माझा बर्फ झाला तर त्याची चाय.
फ्रीज उघडला नाही. उघडला की थंडी पळते.
नुसता दारावर हात ठेवून उभी राहिली,
ताप उतरला का पाहतात तसा.

तो वर असताना फोन करायचा नसतो.
लग्नाच्या पहिल्या महिन्यात एकदा केला होता.
तेव्हापासून मी पंख्याकडे पाहते.
पंखा फिरला म्हणजे उतरला.

बाराला वीस कमी असताना फिरला.

आला. हेल्मेटचा लाल वळ कपाळावर,
पाय न धुता खुर्चीत बसला.
पाहुण्यांचा काचेचा गिलास काढला मी.
बर्फ अर्धाच झालेला,
वर पापुद्रा, आत पाणी. तसाच टाकला.
लिंबू पिळलं.

एक घोट घेतला.
थंडी झाली ना वं हे.
थंडीच आहे.
गरम करून दे.
मी हललीच नाही.
बाहेर सेहेचाळीस डिग्री. त्याला ते आठवायला
पंख्याखाली जरा वेळ लागला.

मग दुसरा घोट. मग थांबला,
तोंडात काहीतरी शोधत.
गूळ टाकला तू.
नाही.
खोटं नको बोलू, रिपोर्ट माझा निघणार हाय.
गाळणीतली काडी दाखवली,
ठेचलेली, पिवळी, दोरीसारखी तंतू सुटलेली.
वास घेतला, चावून पाहिली,
अन् खिशात ठेवली, टेस्टरच्या बाजूला.

गिलास अर्धा असतानाच फोन वाजला.
उरलेली चाय मी बाटलीत भरली, ओला फडका गुंडाळला.
दारातून म्हणतो, खाली कोणी कप घेऊन आला तर?
म्हण, बायकोनं दिली हाय.
हसतील ना वं.
हसू दे.

फटफटीचा आवाज नाल्यापर्यंत ऐकला.
ट्रे धुतला, पुन्हा भरून ठेवला,
दार लावलं.
पंखा थांबला.

चढला असेल.