खळ

कुपवाडच्या एमआयडीसीत, हळद पॉलिशच्या शेडमागे
माझं टेबल. त्यावर कामगारांची नियमपुस्तिका.
मूळ पानं चाळीस. आता मिटत नाही,
तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखी.

चौऱ्याण्णव साली मगदूम अण्णांनी टाइप केलेली.
कायदा बदलला की अण्णा चिठ्ठी टाइप करायचे,
कॅन्टीनच्या स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवायचे,
झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद,
आणि जुन्या कलमावर नवं कलम दाबून बसवायचे.
"खोडायचं नाही पोरी, झाकायचं.
आधी काय होतं असं कुणी विचारलं
तर नखानं उचलून दाखवता आलं पाहिजे."

मी खळ सोडली.
राजपत्र आता मोबाइलवर येतं.
पुण्याचा सल्लागार पीडीएफ पाठवतो,
खाली लिहितो, योग्य ती कार्यवाही व्हावी.
योग्य ती.
शनिवारी बघू.

पुस्तिका कोण वाचतं ते हळदीची बोटं सांगतात.
गैरवर्तनाचं पान पांढरं स्वच्छ,
साहेबांच्या चहाचा एक गोल सोडला तर.
रजेचं पान पिवळंधमक, कोपरे झिजलेले,
बाळंतपणाच्या ओळीखाली एक लांब रेघ,
कुणीतरी अक्षर लावत लावत बोट ओढलेलं.

नूरजहाँ मुल्लाणी, पॅकिंग, रात्रपाळी.
तिनं विचारलं होतं, सुटल्यावर घरी सोडायला गाडी असते का?
मी पान उघडलं, वाचलं,
नाही म्हणाले.
ती बामणोलीपर्यंत चालत जायची.
नवा नियम माझ्या मोबाइलमध्ये होता,
न उघडलेला. एक्कावन्न दिवस.

काही झालं नाही, असं ती म्हणते.
मी दोनदा विचारलं.
कुत्री मागं लागायची, एवढंच.
डब्याच्या पिशवीत एक दगड ठेवायची.
गाडी सुरू झाली त्या दिवशी
तो दगड तिनं माझ्या टेबलावर ठेवला.
"मॅडम, आता काय करू ह्याचं?"

काल मैदा आणला. मोरचूद मार्केट यार्डात मिळालं.
चिठ्ठी बसवली, शेजारी दोन तारखा लिहिल्या.
कायदा लागू झाला ती,
आणि मी चिकटवली ती.
साहेब म्हणाले, दुसरी कशाला? तपासणीत विचारतील.
विचारू देत.

वर दगड ठेवला. लाइट घालवली.
सकाळपर्यंत धरेल.