कधीपासून

मडगावच्या ग्राहक आयोगाच्या जिन्याखाली
माझं टेबल, संगणक, एक छत्री
आणि प्रिंटर, ज्याला 'ळ' नीट उमटवता येत नाही.
पानाला तीस रुपये.
भांडण कुणाचंही असो, शाई माझी.

सुकांती वेळीप बार्शेंहून पहिल्या बसने आली.
"हा वर चढू शकत नाही," म्हणाली,
"हांगाच बसूं दी?"
सोयरू माझ्या स्टुलावर बसला.
एक्केचाळीस वर्षांचा माणूस,
श्वास मात्र असा, की कुणीतरी
ओल्या गोणीतून रेती ओढत नेतंय
आणि दर चार पावलांवर थांबतंय.

कुंकळ्ळीच्या कारखान्यात
ओतीव लोखंडावर वाळूचा फवारा मारायचं काम.
तोंडाला फडकं. तेही घरचं,
सुकांतीच्या जुन्या कापडाचं, निळ्या काठाचं.
पुरावा म्हणून आणलं होतं तिनं.
वकील म्हणाले, धुतलंत कशाला?

फाइल उघडली.
विमा कंपनीचं पत्र:
आजार दोन वर्षांपासूनचा, पॉलिसी चौदा महिन्यांची,
सबब दावा नामंजूर.
कारखान्याचं उत्तर दीड ओळीचं:
सदर इसम आमचा नव्हे, ठेकेदाराचा.
ठेकेदाराचा फोन वाजतो. वाजू देतात.
इस्पितळाचं बिल तेवढं बारा पानी,
हातमोजेसुद्धा मोजलेले,
चौऱ्याण्णव.

"दोन वर्षं कुठून आली?" मी विचारलं.
ती बराच वेळ पदराला गाठ मारत, सोडत राहिली.
"हांवेंच सांगलीं."

रात्रीचे अकरा. नवरा तापानं फणफणलेला.
आधीच्या खिडकीवर विचारलेलं,
कामाला कुठं, कार्ड आहे का, साहेबाचं नाव काय.
मग आत एक पोरसवदा डॉक्टर,
डोळ्यांत झोप, हिंदीत म्हणाला,
कब से?
तिला वाटलं, हाही तेच विचारतोय,
कारखान्यात कधीपासून.
म्हणाली, दोन वर्सां.
त्यानं लिहून घेतलं:
खोकला व दम, दोन वर्षे.

आणि त्याच वर्षी चवथीला
सोयरू माटोळी बांधायला शिडीवर चढला होता,
रानातून कांगलां, माट्टुलां
स्वतः काढून आणली होती.
शेजारचे साक्ष द्यायला तयार आहेत.
माटोळीची साक्ष कुठल्या रकान्यात लिहायची,
ते मला ठाऊक नाही.

डॉक्टर आता दुसऱ्या राज्यात.
इस्पितळ म्हणतं, नोंद बदलता येत नाही;
चूक झाली असं लिहून दिलं
तर उद्या आमच्यावरच दावा.

मी टाइप करत गेलो.
वीस वर्षं टाइप करतोय, बोटं विचार करत नाहीत.
त्या दिवशी सहाव्या परिच्छेदाशी अडली.
तीच दोन वर्षं.
विमा कंपनीला ती अख्खी मान्य,
एक दिवसही कमी नाही.
कारखान्याला त्यातला एक दिवसही मान्य नाही.
बाईनं खरं सांगितलं होतं,
फक्त ज्या प्रश्नाचं ते उत्तर होतं
तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

हे मी वकिलांना म्हटलं.
ते म्हणाले, छान आहे, पण प्रतिज्ञापत्रात नको.

तारीख पडली, सात जून.
ती वरून खाली आली, सोयरूला पाणी पाजलं,
पैसे मोजून टेबलावर ठेवले.
एक अर्ज उरला होता, आर्थिक साहाय्याचा,
मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हणालो,
"कधीपासून?"

तिनं हात वर केला,
बस थांबवतात तसा.
"कितें केन्नासावन?
पयलीं तें सांगात."

मी बोटं कळपाटीवरून उचलली.
तिच्याकडे वळलो.
आणि प्रश्न पुन्हा विचारला,
पूर्ण वाक्यात,
कोण, कुठं, काय, सगळं घालून,
तिच्या भाषेत.

स्टुलावर रेतीची गोणी
चार पावलं सरकली,
थांबली.
सुकांतीनं थोडा विचार केला,
मग सांगितलं.