दर्शनी किंमत

परवडतं का, असं विचारताय ना?
नाही.
हानोफरच्या लिंडन भागात एकतीस वर्षं नाणी विकल्यावर
एवढा एक शब्द मी फुकट देऊ शकतो.

पुढचं ऐकायचं तर बसा. भिंगाला हात लावू नका.

गेल्या नोव्हेंबरात फ्राऊ पोपेनडीक आल्या,
भाजीच्या चाकांच्या पिशवीत सात अल्बम घेऊन.
नवरा ओटमार, ट्रॅमचालक. ऑगस्टात गेला.
"नवं स्मारक-नाणं निघालं की पाळी बदलून घ्यायचा,
बचत बँकेच्या दारात रांगेत पहिला.
पाच मार्क देऊन पाचच मार्क घ्यायचा
आणि लॉटरी लागल्यासारखा घरी यायचा."

मी आधी चांदी वेगळी काढली.
ती तराजूवर गेली, चमच्यांच्या भावानं.
तराजूला कॅथेड्रल कळत नाही,
संगीतकाराच्या कुरळ्या केसांचं वजन तो वेगळं धरत नाही.

उरली निकेलची, एकशे चाळीस.
टाकसाळीनं लाखांनी पाडलेल्या वस्तूला
डबीवर सोनेरी अक्षरांत दुर्मीळ म्हटलं
म्हणून कबुतराचा मोर होत नाही.
सरळ सांगितलं, बाई, मी घेत नाही.
मध्यवर्ती बँकेच्या खिडकीवर न्या,
तिथे मार्क अजून स्वीकारतात.
पाचाचे दोन युरो छप्पन्न सेंट. कमी नाही, जास्त नाही.

त्या बिस्किटांच्या कारखान्यात हिशेबनीस होत्या.
पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं आकडे मांडले:
हेच सातशे मार्क व्याजानं ठेवले असते तर.
उत्तराखाली दोन रेघा मारल्या, जुन्या सवयीनं,
आणि पाकीट माझ्याकडे वळवून ठेवलं,
जसं काही ते व्याज मीच खाल्लं होतं.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
माझ्या काउंटरवर हे वाक्य शब्दशः खरं ठरतं,
आणि लोक रडतात.
त्या रडल्या नाहीत.

पाचव्या अल्बममध्ये मी थांबलो.
सहा खाचांत स्मारक-नाणी नव्हतीच,
साधी, रोजच्या वापरातली पाच मार्क,
गरुड, आकडा, बस.
"तुमच्या नवऱ्याला कुणीतरी फसवलंय," मी म्हणालो.

फ्राऊ पोपेनडीक कानापर्यंत लाल झाल्या.
एक्याऐंशी साल. डॉक्टरांनी सिगारेट बंद केलेली,
नवऱ्यानं घरखर्चाचे पैसे मोजून द्यायला सुरुवात केलेली.
कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी सिगारेटचं यंत्र होतं,
त्याला कुठलेही पाच मार्क चालायचे.
"पगार झाला की साधं नाणं परत ठेवायचे.
हिशेबात मी कधी खोट येऊ दिली नाही.
त्याला कळलंसुद्धा नाही."

मी काही बोललो नाही. खाचेखालची चिठ्ठी
चिमट्यानं काढून त्यांच्यापुढे ठेवली.
बारीक, ट्रॅमच्या वेळापत्रकासारखं अक्षर.
नाण्याचं छापील नाव खोडलेलं, खाली लिहिलेलं:
'इर्मट्राउट, मार्च १९८१. एकच प्रत.'
दुसरीवर एप्रिल. तिसरीवर पुन्हा एप्रिल,
आणि कंसात: 'खोकला वाढलाय.'

दुकानातलं घड्याळ मोठ्यानं चालतं,
एरवी माझ्या लक्षात येत नाही.

"ही सहा किती?" त्यांनी विचारलं.
दोन छप्पन्न, मी म्हणालो. बँकेला तीसुद्धा तेवढीच.
बाजारात तुमच्या चोरीनं त्यांचा
एक सेंटही तोटा झालेला नाही.

त्या हसल्या, मग खोकल्या, मग बराच वेळ खोकतच राहिल्या.
एकशे चौतीस बँकेत गेली.
दाताच्या कवळीचा पहिला हप्ता निघाला म्हणे.

सहा त्यांनी हातमोज्यात घालून नेली.
जाताना दारात थांबून म्हणाल्या,
ते यंत्र आहे अजून, बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय.
पण आता त्याला फक्त कार्ड चालतं.

तुमच्या डबीत काय आहे, दाखवा.