मागे व्हा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
मी माझं यंत्र ढकलत कॅज्युअल्टीत नेते.
डावं चाक कुरकुरतं, गेल्या दिवाळीपासून.
तीन अर्ज केले. आता तो आवाज ऐकूनच
सिस्टर लोबो दार धरून ठेवतात,
तेव्हा चौथा अर्ज मी लिहिलेला नाही.

कागदावर: अनोळखी पुरुष, अंदाजे पंचवीस.
वडाळ्याच्या टॉवरची परांची,
नववा मजला, मग सहाव्याची जाळी.
जाळीने अर्धंच झेललं.

त्याच्याभोवती सहा जण.
कुणी नळी घालतंय, कुणी शीर शोधतंय,
कुणी कात्रीने पँट उभी कापतंय. खिशातून
एक किल्ली, तंबाखूची पुडी, वाळलेल्या सिमेंटचा खडा.
मला जागा नसते. कधीच नसते.
तीन म्हणताच सगळे त्याला ओंडक्यासारखा
अखंड कलता करतात
आणि कोपरांमधून मी प्लेट सरकवते पाठीखाली.
"गार लागेल हं," म्हणते.
त्याला काहीच लागत नाहीये. सवय.

श्वास घ्या, रोखून धरा, हे मी दिवसातून
शंभरदा म्हणते.
नळीवरच्या माणसाला काय म्हणायचं?
भुलीचा पोरगा फुगा दाबतो, थांबतो,
आणि श्वास रोखते मी.
बावीस वर्षं असंच.

मग ओरडते: एक्स-रे! मागे व्हा!
आणि होतात. भिंतीला, दाराआड,
एकमेकांच्या एप्रनमागे.
इतका वेळ त्याच्या जिवाला झोंबलेली माणसं
एका हाकेत पांगतात
आणि टेबलावर तो एकटा उरतो.
माझा अंगठा बटणावर.
हा क्षण मला कधी आवडला नाही.

आज एक जण हलला नाही.
कानांत सिमेंट, पायात एकच चप्पल.
सिस्टरनी विचारलं, नातं काय?
त्याला शब्द सापडेना. म्हणाला,
एका खोलीत राहतो आम्ही.
त्याचं नाव इतवारी. माझं लखिंदर.
सिस्टरनी "अनोळखी"वर रेघ मारली.

मी परत म्हटलं, मागे हो. हिंदीत म्हटलं, रागावून म्हटलं.
त्याने हात सोडला नाही.
शेवटी खुंटीवरचा दुसरा एप्रन काढला,
शिशाचा, सहा-सात किलोंचा,
त्याने तो गोणी घ्यावी तसा सहज घेतला.

छाती आधी आली.
डावीकडचा काळोख जरा जास्तच काळा,
फुप्फुस कोपऱ्यात चुरगळलेलं, हृदय उजवीकडे ढकललेलं.
निदान सांगायचा अधिकार माझा नाही.
मी एवढंच म्हणते, "तांबोळी सर, आधी हा बघा."
आवाजात काय असतं ते त्यांना कळतं.
सुई गेली. फुस्स झालं.
मॉनिटरवरचे आकडे चढायला लागले, हळू,
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखे, पण चढायला लागले.

मग कंबर. हाड दोन ठिकाणी तडकलेलं,
पडलेल्या परळासारखं.
आणि फोटोच्या कडेला, मांडीलगत,
बोटांत अडकलेली बोटं. सगळी हाडं स्वच्छ.
कुठली कुणाची ते मलाही सांगता येईना.

फोटोत परकं काही येऊ नये, असा नियम.
"हा तिसरा हात कुणाचा?" सर म्हणाले.
"त्याच्या खोलीतला," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला.
मोडलंय ते दिसतंय ना? दिसतंय.
मग परत नको.

पावणेतीनला त्याला वर नेलं.
पुढचं मला कळत नाही. आम्हाला कुणी येऊन सांगत नाही;
फोटो पोचतो, माणूस जातो.
सकाळच्या रिपोर्टात हाडांची लांबलचक नावं असतील,
त्या हाताबद्दल अक्षरही नसेल.

यंत्र पुसलं. चाक कुरकुरत परत आलं.
रजिस्टरात एक एप्रन कमी भरतोय.
माहीत आहे कुठे आहे.
दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर,
अजून अंगात घालून बसलाय.
कुणीतरी त्याला सांगायला हवं, आता काढ.

असू दे. सातला ड्यूटी संपते,
तेव्हा जाईन.