प्रभार देताना

कपाटांच्या चाव्या बारा. कुलपं अकरा.
बारावीचं काय, ते मला तीन वर्षांत कळलं नाही;
तरी मोजून घ्या, पेडणेकर भाऊसाहेब यादीत लिहितील.
शिक्के चार. जीप एक, ब्रेक दाबला की उजवीकडे ओढते.
एवढं कागदावर आहे. उरलेलं असं :

इथं वेळ घड्याळात बघू नका.
मी परभणीकडची, समुद्र म्हणजे भूगोलाचा धडा.
पहिल्याच महिन्यात बंदर रोडची गटारसफाई
सकाळी अकराला लावली. अमावास्या होती.
काढलेला गाळ मुकादमाच्या डोळ्यांदेखत परत आत गेला
आणि कोणीच हसलं नाही, ते जास्त लागलं.
आता टेबलाच्या काचेखाली तिथींचा तक्ता आहे.
अष्टमीच्या भांगात गटारं. उधाणाला फक्त सभा.

सभेत गप्प बसा, पण झोपेचं सोंग नको.
ठराव त्यांचा, सही तुमची.
रस्ता त्यांचा, खड्डा तुमचा.
कलम तीनशे आठ मिठासारखं वापरा,
मूठमूठ घातलंत तर कलेक्टरही ताटावरून उठतील.

दिगंबर कुबल पहाटे चार-चाळीसला व्हॉल्व्ह फिरवतो.
गावाला वाटतं, पाणी टाकीतून येतं.
पाणी दिगंबरच्या गुडघ्यातून येतं, आणि उजवा गेलाय.
त्याचा रजेचा अर्ज दिसला की आधी वरची आळी सांभाळा.

दांड्यावरच्या शेवटच्या खांबाबद्दल
इनास फर्नांडिस दर सोमवारी येतील.
दिवा बंद आहे म्हणून नव्हे, चालू आहे म्हणून.
कासवं वाळू चढतात त्या महिन्यांत तो विझवून ठेवा.
आदेश कुठेही नाही. शोधू नका.

आता मासळी बाजाराची फाईल. खालचा खण.
इमारत नवी, टाइल्स पांढऱ्या, ओटे बेचाळीस.
एकतीस मार्चला रात्री साडेदहा वाजता
पूर्णत्वाच्या दाखल्यावर मी सही केली.
निधी परत गेला असता. हे कारण खरं आहे.
मी जागेवर गेले नव्हते, हेही.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी शेवंती खोबरेकरने मला बोलावलं.
ओट्यासमोर बादलीभर पाणी ओतलं. म्हणाली,
“बाई, पाणी खंय जाता तां बघा.”

पाणी गटाराकडे गेलं नाही.
जरा थांबलं, विचार केल्यासारखं,
आणि सुरमईच्या रक्ताची रेघ घेऊन
तिच्या पायांकडे आलं. मग माझ्या.

मी चप्पल मागे घेतली नाही.
माझ्या बाजूने लिहायचं तर एवढंच लिहा.

उतार फिरवायचं अंदाजपत्रक तीनदा पाठवलं.
तीनदा विचारणा आली : पूर्ण झालेलं काम अपूर्ण कसं?
सोबत माझ्याच सहीची झेरॉक्स.
बायका गोणपाट टाकून बसतात. वीसेक जणी
जुन्या धक्क्यावर परत गेल्या, वाऱ्याला.
त्यांना तिथून उठवा, असा ठराव आहे.
मी उठवलं नाही. ठरावाला हातही लावला नाही.
तारखा पडत गेल्या, मासे विकले गेले.
याला कारभार म्हणतात की चालढकल,
ते लेखापरीक्षणात विचारत नाहीत.

पहिल्या दिवशी हार येतील, नारळ येतील,
प्रत्येक जण सांगेल, आधीच्या बाई बऱ्या होत्या, पण.
त्या ‘पण’पुढचं ऐकून घ्या, कामाचं असतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात एकटे जा, उधाण बघून.
बादली केबिनच्या न्हाणीत आहे. निळी, कडी तुटलेली.
यादीत नाही.
माझी आहे, ठेवून जातेय.