तबकडी वाकलीय

वेंगुर्ल्याच्या बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला इनासने एकट्यानेच भरली ही तबकडी.
गिटार त्याची, ड्रम त्याचे,
मागचा कोरसही तोच, चार वेळा.
दशावतारी मेळाकडून उसनी पेटी, एक सूर मुका.
आणि सगळ्याच्या तळाशी कॉम्प्रेसरची घरघर.
ती काढता येईना,
मग त्याने तिच्याच पट्टीत गाणी लावली.

तीनशे काढल्या. एकोणीस खपल्या.
उरलेल्या माझ्या टेबलाखाली, पावत्यांच्या गठ्ठ्यांना टेकून.
बांगडा उतरून गेला की हिशेब थांबवून
मी एक लावते.

मे महिन्याने ती वाकवलीय.
सुई चढते, उतरते,
खाडीच्या तोंडाशी होडी चढावी तशी,
दर फेरीला वाटतं, आता गेली.

जात नाही.
घुमटावर रॉक, मग ओवीसारखं काहीतरी,
मग नुसतीच शिट्टी,
मासळीच्या लिलावाच्या चालीवर.
दोन्ही बाजू मिळून एक रडगाणं नाही.
मी विचारलं, इतकं बरं कसं वाटतं रे तुला?
बर्फाचा भुसा झटकत म्हणाला,
"वाटणा नाय गो. वाजवूक लागता."

बाहेर ट्रक मागे घेतायत.
मी बाजू उलटते.